राळ

माझं नाव थँकफुल. म्हणजे कृतज्ञ.
चार मुलं पुरल्यावर मी झाले,
तेव्हा आईला दुसरं काही सुचलं नसावं.

शनिवारी मी प्रार्थनाघर झाडते.
काजळी, उंदरांच्या लेंड्या,
मागच्या प्रवचनातून बाकांखाली सांडलेलं काहीबाही.
आमच्या खिडक्यांना रंगीत काचा नाहीत.
डीकन असाहेल पेक म्हणतात, रंग हे रोमचे चाळे.
साधी काच, तीही ओबडधोबड,
तिच्यातून पाहिला की डोंगर
पाण्यात उभा असल्यागत हलतो.
लहानपणी वाटायचं, कुणाच्या तरी श्वासाने हलतोय.
पुढे काचा पुसायला लागले तेव्हा कळलं,
हलतं ते माझंच डोकं.

जूनमध्ये बोस्टनहून एक तरुण आला,
ल्यूशियस थेअर.
प्रवचन नव्हे, म्हणाला, चार गोष्टी सांगतो.
बायबल मिटलं त्याने, हलकेच,
झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसं,
आणि खिडकीकडे बोट केलं.
खरा ग्रंथ तो. आजही लिहिला जातोय.
आणि तुम्ही इथे कोंडून घेऊन
दुसऱ्यांना आलेली जुनी पत्रं वाचत बसता!

डीकन पेक यांचे कान लाल झाले.
मागे कुणीतरी खोकलं.
मी मात्र, खोटं कशाला बोलू,
माझ्या अंगावर काटा आला.
पाच वर्षांत माझ्याशी इतकं मोकळं कुणी बोललं नव्हतं,
आणि तो तर माझ्याशी बोलतही नव्हता.

मग म्हणाला, झाडाच्या हातून कधी पाप घडत नाही.

डावीकडचा तिसरा बाक. पांढरा पाइन.
हे झाड झेडॉकने पाडलं,
किंवा झाडाने झेडॉकला.
फेब्रुवारी होता, मांडीइतकं बर्फ.
माणसांनी त्याला स्लेजवर घालून आणलं
आणि दुसऱ्या दिवशी परत गेली झाडासाठी.
लाकूड चांगलं होतं, सरळ, बिनगाठीचं.
सुताराने मला विचारलं. मी म्हटलं, करा.
कुजू द्यायचं होतं का?

तेव्हाचे पाद्री म्हणाले, देवाची इच्छा.
हा पोरगा म्हणतो, झाड हाच देव.
दोघांच्याही तळव्यांना घट्टे नाहीत.

मी एकदा विचारलंय झाडाला,
गुडघ्यांवर बसून, बाक पुसता पुसता:
काय होतं तुझ्या मनात?
ते गप्प राहिलं.
त्या वर्षी देवानेही एवढंच केलं होतं,
म्हणून मी झाडावर वेगळा राग धरला नाही.

पण उकाडा सुरू झाला की हा बाक पाझरतो.
करवतून, रंधून, वार्निश लावून पाच वर्षं झाली,
तरी राळ वर येते थेंब थेंब, मधाच्या रंगाची.
बायकांचे झगे चिकटतात.
स्तोत्रासाठी सगळे उठतात तेव्हा
टर्र असा आवाज होतो
आणि पोरं फिदीफिदी हसतात.
मिसेस ऑर्न तक्रार करतात.
मी टर्पेंटाइनने पुसते. तेही पाइनचंच.
पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

सभा पांगल्यावर तो तरुण
नेमका त्याच बाकावर येऊन बसला. पाणी मागितलं.
उठताना त्याचा काळा कोट मागे राहू लागला.
हे काय?
राळ, मी म्हटलं. लाकूड अजून पुरतं मेलेलं नाही.
त्याचे डोळे चमकले. वही काढून
भराभर लिहायला लागला.
मी म्हटलं, लिहा नंतर,
आधी कोट काढा, डाग बसेल.

डाग चरबीने निघतो. मी काढून दिला.
झेडॉकचं नाव सांगितलं नाही.
त्याच्या वहीत ते फार सुंदर दिसलं असतं.

माझ्या अंगठ्याला लागलेली राळ
तेवढी मी राहू दिली.
रात्री पाव मोडताना
पावाला तिचा वास आला.
जेवणाआधीची प्रार्थना म्हणायची राहून गेली,
का म्हणून झाली होती,
नक्की सांगता येणार नाही.